इंदूरचा राजवाडा: खाली दगड, वर लाकूड

इंदूरच्या राजवाड्याचे मजले चौकात उभं राहून मोजले, तर सात भरतात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. दोन्ही टोकांना गोल बुरूज, मध्ये लोखंडी खिळ्यांनी मढवलेला भव्य दरवाजा आणि त्याच्या माथ्यावर एकावर एक चढत गेलेले सज्जे नि गवाक्षं. मराठी वाड्याची बांधणी, तिला मुघल कमानींची जोड. भार पेलायला दगड आणि उंची गाठायला हलकं लाकूड, असा हा हिशेब. मात्र या लाकडानेच आगीलाही वाट दिली.

थोरल्या मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्यात वाडा बांधायला घेतला. पुढे अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरला नेला. 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचं उट्टं काढायला दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले; शहर लुटलं गेलं, वाडा जळाला. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं आणि दिवाण तात्या जोगांच्या कारकिर्दीत वाडा पुन्हा उभा राहिला. 1834 च्या आगीत वरच्या मजल्याची हानी झाली.

याच सुमारास, 1828 मध्ये, पुण्याचा शनिवारवाडाही जळाला. तिथे तट आणि जोती तेवढी उरली, कारण पेशवाई दहा वर्षांपूर्वीच बुडाली होती; बांधणार कोण? इंदुरात गादी शाबूत होती, म्हणून वाडाही सावरला.

1984 मध्ये मात्र संस्थानच उरलं नव्हतं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत मागचा भाग भस्मसात झाला. दर्शनी बाजू वाचली. कित्येक वर्षं समोरून वाडा आणि मागे मोकळी जागा, अशी अवस्था होती. अखेर होळकर घराण्यातल्या उषाराजे यांच्या पुढाकाराने दगड, वीट, लाकूड वापरून जुन्या घडणीचं बांधकाम झालं, ते 2007 च्या सुमारास पुरं झालं. आता आत अहिल्याबाईंच्या कारकिर्दीची ओळख करून देणारं दालन आहे.

म्हणजे आज आपण पाहतो तो वाडा एका काळाचा नाही. आराखडा जुना, काही लाकूड नातवंडांच्या वयाचं. आता शत्रू फौजा नाहीत. वाळवी, पावसाची गळती आणि विजेच्या तारा आहेत. त्यांच्या बंदोबस्तावर दरसाल खर्च करायची तयारी ठेवली, तरच वरचे चार मजले टिकतील.