जुन्या ऑइल एंजिनाची तेलगळती

विहिरींवर आतां बहुतेक ठिकाणीं विजेची मोटार आली असली, तरी संथ गतीचें जुनें ऑइल एंजिन अद्यापि कित्येक मळ्यांत पंपास किंवा कडबा तोडण्याच्या यंत्रास जोडलेलें आढळतें. इंग्लंडांतील डर्सली गांवच्या लिस्टर कारखान्यानें 1930 च्या सुमारास काढलेला नमुना व त्यावरून राजकोटकडे बनलेलीं एंजिनें या वर्गांतील होत. त्यांतील सहा अश्वशक्तीचें एंजिन मिनिटास 650 फेरे घेतें आणि निगा राखल्यास पिढ्यान् पिढ्या चालतें. परंतु बहुतेक एंजिनांखालची जमीन पाहावी तों काळी झालेली. जुनें एंजिन म्हटलें कीं तेल गळायचेंच, असें म्हणून मालक स्वस्थ बसतो.

हा स्वस्थपणा महाग पडतो. पांच सेकंदांस एक थेंब गळाला तर तासांत 720 थेंब होतात. पंचवीस थेंबांचा एक मिलिलीटर धरल्यास आठ तासांच्या पाळींत सुमारें पाव लिटर तेल जातें. पैशाची गोष्ट सोडली तरी, या एंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास असलेली पळी तळाचें तेल उडवून आंतील भागांस वंगण पुरविते. पातळी उतरून पळी तेलास लागेनाशी झाली, कीं बेअरिंग जळतें. आणि जळतें तें नेमकें उन्हाळ्यांत, उभा ऊंस पाण्यास आसुसला असतां.

गळती शोधतांना, जेथें तेल दिसतें तेथूनच तें निघालें असें समजूं नये. तेल उताराकडे ओघळतें आणि चाकांच्या वाऱ्यानें भलतीकडे पसरतें. एंजिन बंद करून थंड होऊं द्यावें, बाहेरील सर्व भाग ब्रश व रॉकेलनें धुऊन कोरडा पुसावा आणि सांध्यांवर खडूची बारीक पूड लावावी. हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ मात्र ती जाऊं देऊं नये. मग दहा मिनिटें रिकामें व दहा मिनिटें पंपासह चालवून पुन्हां बंद करावें आणि सर्वांत उंचावरचा ओला डाग कोठें उठला तें पाहावें. माझा जन्म महसुली कारकुनींत गेला. तेथेंही जागेवरील पंचनाम्याखेरीज कागदाचा भरंवसा नसे. डाग बोटावर घेऊन वासही घ्यावा. तो पातळ व डिझेलच्या वासाचा असेल, तर दोष इंधनाच्या नळीचा. तेल न भरतां काडीवरील पातळी वाढत असेल, तर डिझेल आंत उतरत आहे असें जाणून एंजिन चालविणें थांबवावें.

डाग सांपडला कीं मिस्त्री नवें पॅकिंग घालावयास धांवतो. मला ही घाई पटत नाहीं. दट्ट्या खालीं येतांना क्रँककेसमधील हवा दाबली जाते. ती बाहेर सोडणारी, परंतु परत आंत न घेणारी एक लहान झडप एंजिनास असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती नीट चालली म्हणजे आंत किंचित् ओढ राहते व तेल आंतच थांबतें. तेलकट धूळ साचून ती चिकटली, कीं दाब वाट शोधतो आणि धडधाकट सांध्यांतूनही तेल बाहेर ढकलतो. आमच्या शेजारच्या मळ्यांत एका हंगामांत दोनदां पॅकिंग बदललें, गळती तशीच. शेवटीं झडपेंतील पातळ चकती रॉकेलनें धुऊन होती तशीच परत बसवितांच ती थांबली. झडप साफ करूनही तिच्यांतून सारखा धूर फुसफुसत असेल, एंजिन सुरू होण्यास जड जात असेल व धुराड्यांतून निळा धूर निघत असेल, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. तेव्हां पॅकिंगवर खर्च करणें व्यर्थ.

ही शंका फिटल्यावरच सांध्यास हात घालावा. दाराचे काठ खरवडून स्वच्छ करावे, नवें गॅस्केट घालावें व समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आंवळावे. बळ लावून आंवळल्यास दार वांकतें. तेल काढण्याच्या बुचाखालील तांब्याचें वायसर लाल तापवून पाण्यांत विझविलें, कीं मऊ होऊन पुन्हां उपयोगी पडतें. क्रँकच्या टोकाशीं गळत असेल तर काम मिस्त्रीचें. तेथें जड चाक काढावें लागतें, आणि तें एकट्यानें काढण्याजोगें नसतें.

वरच्या खुणेपेक्षां अधिक तेल भरूं नये, जास्तीचेंही गळतें. दुरुस्तीनंतर आठ दिवस रोज सकाळीं, एंजिन सुरू करण्यापूर्वीं, काडीवरील पातळी पाहून खोलीच्या भिंतीवर खडूनें मांडावी.