आकडा लागतो कुणाला?

"दहाच रुपये तर आहेत," असे म्हणत आकडा लावायला सुरुवात होते. पुढे कधी दवाखान्यासाठी म्हणून गटातून उचललेले कर्जही त्यातच जाते. म्हणून आज या खेळाचा हिशेब मांडू. हिशेब ठेवणे आपल्या बचत गटाला नवे नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. महाराष्ट्र राज्य लॉटरी सरकारची आहे. ती १९६९ साली सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, हाही तिचा एक हेतू होता. वरली मटका मात्र बेकायदा आहे. त्याचे मूळ कापसात आहे. मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर पैसे लावत. ते थांबल्यावर माठातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले. 'मटका' हे नाव तिथून आले.

आता मटक्याचा हिशेब. शून्य ते नऊ असे दहा आकडे. समजा, दहा जणींनी एकेका आकड्यावर दहा-दहा रुपये लावले. जमा झाले १०० रुपये. एकीचा आकडा लागतो आणि तिला साधारण नऊपट, म्हणजे ९० रुपये मिळतात. उरलेले दहा चालवणाऱ्याचे. कोणताही आकडा येवो, त्याचे दहा पक्केच! "इतके दिवस आला नाही, आज येईलच," असेही म्हणतात. पण चिठ्ठीला कालचे काही आठवत नाही. आज पुन्हा दहात एकच संधी.

सरकारी लॉटरीत फसवणूक नाही, पण संधी फार लहान. पाच आकडी नंबर असेल तर एका मालिकेत एक लाख तिकिटे निघू शकतात आणि पहिला नंबर एकाचाच. शिवाय दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के कर आधीच कापला जातो. लाख लागले तरी सत्तर हजारच हाती येतात.

मटक्यात जिंकलेले पैसे बुडवले तर कोर्टात मागता येत नाहीत, कारण कायदा जुगाराचा करार मानत नाही. मोबाइलवर "तुम्हाला लॉटरी लागली, आधी फी भरा," असा निरोप आला तर सरळ फसवणूक समजा. तिकीटच काढले नाही, तर बक्षीस कुठून येणार? पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

रोजचे दहा रुपये वर्षाला ३,६५० होतात. गटात टाकले तर ते आपल्या नावावर राहतात, व्याजही मिळते. कुणी लॉटरीचे तिकीट घेतलेच, तर तो खर्च समजावा, बचत नव्हे. आणि कुणा मैत्रिणीच्या घरात हा नाद शिरला असेल, तर तिला बैठकीत बोल लावू नका. तिच्याशेजारी बसून वहीत महिन्याचा हिशेब मांडा. लावले किती, आले किती, हे दोन रकाने पुरेसे आहेत.

पुढच्या बैठकीत हा हिशेब नक्की करून पाहा.