परकीय उठावांस उत्तेजन

परकीय उठावांस उत्तेजन : दुसऱ्या देशातील जनतेस तेथील सत्तेविरुद्ध उठण्यास एखाद्या शासनाने प्रचाराने, पैशाने वा शस्त्रांनी प्रवृत्त करणे. उठाव प्रत्यक्ष सुरू झाल्यावर मात्र असे शासन पुष्कळदा हात आखडता घेते. यातील विसंगती वरवरची आहे. उत्तेजनाचा हेतू बव्हंशी प्रतिपक्षास जेरीस आणणे हा असतो. बंडखोरांचा विजय हा नव्हे. शिवाय शब्दांना खर्च येत नाही, सैन्य पाठविल्यास युद्ध ओढवते.

हंगेरीतील १९५६ चा उठाव हे याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाने १९५२ च्या निवडणुकीत पूर्व यूरोपच्या ‘मुक्ती’चा पुरस्कार केला आणि जॉन फॉस्टर डलेस परराष्ट्रमंत्री झाल्यावरही तो उद्‌घोष चालू राहिला. म्यूनिकचे ‘रेडिओ फ्री यूरोप’ केंद्र सीआयए या गुप्तवार्ता संस्थेच्या छुप्या पैशावर चाले व हंगेरियन भाषेतही कार्यक्रम प्रक्षेपित करी. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बूडापेस्टमधील विद्यार्थ्यांच्या मोर्चातून उठावास तोंड फुटले. चारच दिवसांनी डलेस यांनी डॅलस येथील भाषणात, या देशांकडे आपण संभाव्य लष्करी मित्र म्हणून पाहत नाही, असे सांगितले. हे अभयदान अर्थातच मॉस्कोला होते. पंतप्रधान इम्रे नॉज यांनी १ नोव्हेंबरला वॉर्सा करारातून बाहेर पडून तटस्थता जाहीर केली, तेव्हा पाश्चात्त्य राष्ट्रांत सुएझ प्रकरणावरून फूट पडलेली होती. तथापि सुएझ नसते, तरी अण्वस्त्रधारी सोव्हिएट संघाशी लढण्याची अमेरिकेची तयारी असती, असे दिसत नाही. ४ नोव्हेंबरला सोव्हिएट रणगाडे राजधानीत घुसले. त्या दिवशीही उपरोक्त केंद्राने एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या आधारे, हंगेरियनांनी आणखी तीन-चार दिवस तग धरल्यास लष्करी मदतीसाठी अमेरिकेवर अनिवार दडपण येईल, अशा आशयाचा मजकूर ऐकविला. सुमारे २,५०० हंगेरियन मारले गेले, जवळजवळ दोन लाख लोक देशोधडीस लागले आणि १९५८ मध्ये नॉज यांना फाशी देण्यात आले.

काही वेळा प्रत्यक्ष मदतही दिली जाते, पण ती मोजून. इराकमधील कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानी यांना १९७२ पासून इराणच्या शाहांमार्फत अमेरिकेची गुप्त मदत मिळू लागली. कुर्दांनी जिंकावे अशी मदतकर्त्यांची इच्छा नव्हती, इराकची शक्ती खर्ची पडावी एवढेच त्यांना हवे होते, असे पुढे अमेरिकन काँग्रेसच्या पाइक समितीच्या अहवालात नमूद झाले. मार्च १९७५ मध्ये अल्जिअर्स येथे इराण-इराक समझोता होताच ही मदत थांबली व उठाव कोसळला.

याच देशात १९९१ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. १५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकी सैन्याने व जनतेने सद्दाम हुसेन यांना दूर सारावे, असे आवाहन केले. मार्चमध्ये दक्षिणेत शिया व उत्तरेत कुर्द उठले. युद्धविरामाच्या बोलण्यांत इराकला हेलिकॉप्टरे वापरण्याची मुभा मिळाली होती. तीच बंडखोरांवर चालविली गेली. इराक फुटल्यास इराणचे बळ वाढेल, ही भीती वॉशिंग्टनला होती. कुर्द निर्वासितांचे लोंढे तुर्की सीमेवर येऊन थडकल्यावर उत्तरेत संरक्षित क्षेत्र निर्माण करण्यात आले. दक्षिणेतील शियांना तसे क्षेत्र लाभले नाही.