संगणकसमूहातील मतैक्य आणि बहुमताचा छेद

एकाच नोंदवहीच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवण्याचा हेतू हा की, एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडू नये. परंतु प्रती अनेक झाल्या की नोंदींच्या क्रमाविषयी सर्वांचे मतैक्य घडवून आणणे प्राप्त होते. येथे खरी अडचण ही की, एखादा संगणक बंद पडला आहे की त्याचा संदेश केवळ वाटेत रेंगाळला आहे, हे इतरांस ओळखता येत नाही.

फिशर, लिंच व पॅटर्सन ह्यांनी १९८५ मध्ये असे सिद्ध केले की, संदेशांच्या विलंबास मर्यादा नसेल, तर एकच संगणक बंद पडण्याची शक्यता असतानाही, यदृच्छेचा आश्रय न घेणारी कोणतीही पद्धती निर्णयाची हमी देऊ शकत नाही. म्हणून रचनाकार दोन अपेक्षा वेगळ्या करतो : निर्णयांत विसंगती कधीही येऊ नये, आणि निर्णय केव्हा तरी व्हावा. पहिली अपेक्षा घड्याळावर मुळीच अवलंबून ठेवावयाची नाही. दुसरीसाठी मात्र कालमर्यादेचा उपयोग करावयाचा. लॅम्पोर्ट ह्यांची पॅक्सॉस (१९९८) आणि ओंगारो व ऑस्टरहाउट ह्यांची राफ्ट (२०१४) ह्या दोन्ही पद्धती ह्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

विसंगती टाळण्याचे साधन म्हणजे बहुमताचा छेद होय. अ, आ, इ, ई, उ असे पाच संगणक घेतले, तर तिघांच्या कोणत्याही दोन गटांत एक तरी सभासद समान असतोच. समजा, पॅक्सॉसमध्ये पहिल्या क्रमांकाच्या नेत्याने एक नोंद अ, आ व इ ह्यांच्याकडून स्वीकारून घेतली आणि तो नाहीसा झाला. दुसऱ्या क्रमांकाचा नेता इ, ई व उ ह्यांस विचारतो. तेव्हा इ ती नोंद सांगतो व नेत्यास तीच पुढे चालवावी लागते. उत्तर देतानाच तिघेही पूर्वीच्या क्रमांकाचे प्रस्ताव न स्वीकारण्याचे वचन देतात. त्यामुळे पहिला नेता परतला, तरी ह्या तिघांपुढे त्याचे काही चालत नाही.

तथापि, इ बंद पडून पुन्हा सुरू होताना आपली नोंद व वचन विसरला, तर छेद असून नसल्यासारखाच. म्हणून उत्तर देण्यापूर्वी दोन्ही स्थायी स्मृतीत लिहिणे अनिवार्य ठरते.

समान सभासदच खोटे बोलू लागला, तर एकाचा छेद पुरत नाही. कॅस्ट्रो व लिस्कोव्ह ह्यांच्या १९९९ च्या पद्धतीत एका लबाड संगणकासाठी चार संगणक व तिघांचा गट लागतो. दोन गटांत दोन सभासद समान येतात आणि त्यांतील एक तरी प्रामाणिक असतो.

ह्या सर्वाचे मूल्य उघड आहे. पहिल्या उदाहरणात पाचांपैकी तीन संगणक बंद पडले की उरलेल्या दोघांनी थांबावयाचे असते. चुकीच्या उत्तरापेक्षा मौन बरे, हाच ह्या रचनेचा निर्णय होय.