तेल घातले, तरी रीळ का अडले?

रत्नागिरीच्या आमच्या एका शिक्षकमित्रांना गरवण्याचा नाद आहे. रविवारी पहाटे दांडा घेऊन मांडवीच्या धक्क्यावर उभे राहायचे. तांबोशी लागली तर उत्तम, नाहीतर भरती पाहून परत. गेल्या मे महिन्यात ते आपले रीळ घेऊन आमच्याकडे आले. मूठ फिरेना. ‘दर खेपेला घरी आल्यावर शिवणयंत्राचे तेल घालतो, फडक्याने पुसून ठेवतो. आणखी काय करायचे?’ असा त्यांचा सवाल होता. बाहेरून रीळ खरोखरच चकचकीत होते. झाकण उघडायला गेलो तर एका स्क्रूचे डोकेच तुटून हातात आले. भोकाभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि आत बेअरिंगच्या जागी तांबूस चिखल होता.

मित्रांनी तेल मिठावरच घातले होते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आपल्याला वाटते, रीळ वाळले. पण हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला तर ३३ टक्के आर्द्रताच पुरते. कोकणात इतकी कोरडी हवा क्वचितच मिळते. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटते, तेच रिळाच्या पोटात जवळजवळ बारा महिने चालू असते. वरून घातलेले तेल हे खारे पाणी बाहेर काढत नाही, फक्त त्यावर पसरते.

आता दुसरा प्रश्न. गंज बाहेरच्या उघड्या भागावर न येता आत, फटीत का आला? याचे उत्तर वर्गात दाखवता येते. केंब्रिजचे उलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केलेला हा प्रयोग आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिशपेपरने घासून स्वच्छ करा आणि या द्रावणाचा एक मोठा थेंब त्यावर ठेवा. (द्रावणात आम्ल मिसळू नये, ते तापवू नये.) काही मिनिटांत आधी इकडेतिकडे निळे ठिपके आणि गुलाबी छटा दिसतात. मग हळूहळू निळा रंग मध्यभागी आणि गुलाबी रंग कडेला गोळा होतो. आणखी थोड्या वेळाने दोहोंच्या मध्ये तपकिरी कडे उमटते.

निळा रंग म्हणजे लोखंड विरघळत असल्याची खूण. गुलाबी म्हणजे तेथे ऑक्सिजन वापरला जाऊन हायड्रॉक्साइड तयार होत आहे. थेंबाच्या कडेला थर पातळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो, आणि धातू झिजतो तो तेथेच. विद्यार्थ्यांना हे हमखास उलटे वाटते, म्हणून आधी अंदाज लिहून घ्यावा. रिळातील स्क्रूच्या डोक्याखालची फट, बेअरिंगची खाच या जागा म्हणजे थेंबाचा मध्य. स्टेनलेस पोलादही येथे हार खाते. त्याचे रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो, पण त्यासाठी ऑक्सिजन हवा. फटीत तो नसतो आणि क्लोराइड मात्र साठत जाते.

पांढऱ्या भुकटीचे कारण निराळे. रिळाचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, स्क्रू स्टेनलेसचा. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे एक छोटा विद्युतघटच झाला, आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून स्क्रू आवळला जातो. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून मगच तो बसवला तर पाणी मध्ये शिरत नाही. येथे काळे ग्रॅफाइटचे ग्रीस मात्र चुकूनही लावू नये. ग्रॅफाइट विद्युतवाहक आहे; ॲल्युमिनियमच्या जोडीला ते स्टेनलेससारखेच, किंबहुना जास्तच घातक.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. कोणता साबण, याला महत्त्व आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा जमतो. तो चोथा म्हणजे पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण. कॅल्शियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात टिकते, ते याच गुणामुळे. सोडियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात धुऊन जाते. लिथियमचे ग्रीस मोटारगॅरेजमध्ये सर्रास मिळते आणि रिळालाही चालते. पण समुद्रावरच्या वापरासाठी आम्ही कॅल्शियमचे किंवा बोटींसाठी म्हणून विकले जाणारे ग्रीस पसंत करू.

दंतचक्रे आणि स्क्रू यांना ग्रीस. फिरकीच्या बेअरिंगला पातळ तेल, एखादाच थेंब. तेथे ग्रीस भरले तर तंगूस लांब फेकला जात नाही. मूठ उलटी फिरू न देणारे रोलर बेअरिंग असते, त्यातही ग्रीस नको, नाहीतर रोलर पकड न घेता घसरतात. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यांविषयी बरेच जण विचारतात. त्या नावातील इंग्रजी अक्षरे ‘पाणी हटवणे’ या अर्थाची आहेत. पाणी हटवण्यापुरते ते जरूर वापरावे, मात्र त्यातील द्रावक जुने ग्रीसही पातळ करून वाहून नेतो. तेव्हा फवारल्यावर ग्रीस पुन्हा लावावे लागते.

या सगळ्याआधी गोडे पाणी. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की घसरत सुटणारा ब्रेक, घट्ट करून रीळ हलक्या धारेखाली धरावे. जोराच्या धारेने मीठ आणखी आत ढकलले जाते. मग झटकून सावलीत पूर्ण वाळवावे, आणि तेलाची कुपी त्यानंतर उघडावी. ड्रॅगच्या चकत्यांना शिवणयंत्राचे तेल लावू नये, तेथे घर्षण हवे असते. काही चकत्या कोरड्याच चालतात, काहींना खास ग्रीस लागते. ते रिळाबरोबरच्या पत्रकात पाहावे. रीळ ठेवून देताना ड्रॅग पुन्हा सैल करायला विसरू नये, दाबून राहिलेल्या चकत्या चिकटतात.