गिटार टाकून देऊ नका, आधी तिचे पडदे पाहा

किरनापुर : हौसेनं घेतलेली गिटार दोन-चार वर्षांत खरखरायला लागते. पोरगं म्हणतं, सूर बरोबर येत नाही. नव्या तारा लावल्या तरी तेच. मग गिटार कपाटावर जाते आणि घरात नव्या गिटारच्या खर्चाची बोलणी सुरू होतात. पण पुष्कळदा गिटार चांगलीच असते; खराब झालेले असतात तिचे फ्रेट, म्हणजेच पडदे.

पडदा झिजतो कसा?

गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ते पडदे. तार पडद्यामागे दाबली की तिची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. 12 वा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो.

सतारीलाही पडदे असतात. पण ते दोऱ्यानं बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर हे पडदे कानानं जुळवून बांधतात. गिटारचे पडदे मात्र लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात. ते सरकत नाहीत, फक्त झिजतात.

बहुतेक गिटारचे पडदे जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात असतं तांबं, निकेल आणि जस्त. तांबं म्हणजे आपल्या जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीतून निघतं, तोच धातू. तार पोलादाची, पडदा तिच्यापेक्षा मऊ. त्यामुळे रोजच्या घासण्यानं तारेखाली खड्डा पडतो. नवशिके पहिल्या चार-पाच पडद्यांवरच जास्त वाजवतात, म्हणून तेच आधी झिजतात. गंजलेली तार असली तर हे काम आणखी लवकर होतं.

आपल्या हवेचा त्रास

मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं, पण धातू तेवढा आकसत नाही. मग पडद्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दांडी वाकते, एखादा पडदा वर उचलला जातो. म्हणून गिटार कूलरसमोर, ओल्या भिंतीला टेकवून किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पिशवीत ठेवलेली बरी.

घरी तपासा

खरखर सगळीकडे असेल तर आधी दांडी वाकली आहे का ते पाहावं. एकाच ठिकाणी असेल तर पडद्यावर शंका घ्यावी. जुनं एटीएम कार्ड घ्या. त्याची जी बाजू नेमकी तीन पडद्यांवर बसेल ती तारांच्या मधे उभी टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला पडदा उंच आहे, असं समजा. तारेखाली नखाला खड्डा लागला, तर झीज झाली आहे.

घरी काय करावं?

वाजवण्याआधी हात धुवावे, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कपड्यानं तारा आणि पडदे पुसावे. एवढ्यानं अर्धं काम होतं. तारा बदलताना पडद्यांच्या दोन्ही बाजूंच्या लाकडावर कागदी टेप लावावी आणि अगदी बारीक पॉलिश पेपरनं पडदे हलकेच चमकवावे. इलेक्ट्रिक गिटारवर लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो. दांडीवरचं लाकूड रोजवुडसारखं काळसर, बिनपॉलिशचं असेल तर वर्षातून एक-दोनदा फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब पुरे. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते चिकट होऊन मळ धरतं.

कारागिराचं काम कोणतं?

खड्डे पडले असतील तर सगळे पडदे सपाट कानसीनं एका पातळीत आणावे लागतात. त्यानंतर प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करावा लागतो. तो सपाट राहिला तर सूर बेसूर होतो. इथे साधी कानस घेऊन घरी प्रयोग करू नये. नवा पडदा साधारण 1 मिलिमीटर उंच असतो. तेवढीच ती ठेव. कानस लावली की त्यातून थोडी रक्कम निघते, आणि निघालेली परत जमा होत नाही.

पडदा फारच उतरला असेल तर तोच बदलतात. त्यासाठी तो गरम करून हळूहळू उपसावा लागतो. ओढला तर लाकडाचे कपचे निघतात. दोन-तीनच पडदे खराब असले तर सगळे बदलायची गरज नसते, हे दुकानात आधीच विचारून घ्यावं.

बालाघाट किंवा गोंदियाला गिटार नेण्याआधी कार्ड टेकवून पाहावं आणि कोणता पडदा, कोणती तार हे कागदावर लिहून न्यावं. दुखणं नेमकं सांगता आलं की नको त्या कामाचे पैसे वाचतात. आणि नव्या गिटारची घाई करण्याआधी हिशोब मांडावा : दुरुस्ती किती, नवी किती. दांडी सरळ असेल आणि लाकूड फुटलेलं नसेल, तर कपाटावरची गिटार पुन्हा खाली काढायला हरकत नाही.