पैठणीचं फोटोशूट? आधी शॉट लिस्ट करा!

ऑनलाइन विक्रीसाठी पैठणीचे फोटो काढताय? मग कॅमेरा काढण्याआधी ही यादी कागदावर उतरवा 👇

📌 अख्खा पदर: साडी सपाट पसरून, कॅमेरा बरोबर वरून. जरा कलला की काठ तिरके दिसतात.

📌 नक्षीतले मोर, मुनिया, आसावली: मॅक्रो लेन्सने, अगदी जवळून.

📌 उलटी बाजू: हा शॉट हमखास राहतो! हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, लोंबते धागे नसतात. जाणकार गिऱ्हाईक आधी हेच बघतं.

📌 धूपछाँव रंग: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. कोन बदलला की रंगही बदलतो, त्यामुळे निदान दोन कोनांतून घ्या.

📌 नेसलेली साडी: पुढून, मागून, निऱ्यांसकट.

💡 फ्लॅश थेट समोरून मारला तर जरीकाम पांढरंफटक पडतं. प्रकाश बाजूने, डिफ्यूझरमधून द्या.

🎨 रंग अचूक यावेत म्हणून पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड ठेवा. रंग फसला की साडी परत आलीच म्हणून समजा.

क्रम महत्त्वाचा: सपाट शॉट आधी, नेसवणं शेवटी. एकदा चुण्या पडल्या की इस्त्रीत वेळ जातो.

तुमच्या यादीत आणखी काय असतं? कमेंटमध्ये सांगा!